दादाला स्टेंट बसलाय, आता मायक्रोआरएनएची टेस्ट करू का?

पत्र असं आहे:

"ताई, तीन महिन्यांपूर्वी दादाला अटॅक आला, वय ४७, एक स्टेंट टाकला. बाबा ५३ व्या वर्षी हार्टनेच गेले. मी ४१ चा. माझा ईसीजी नॉर्मल, कोलेस्टेरॉल पण रेंजमध्ये. एका लॅबवाल्याने सांगितलं की मायक्रोआरएनएची नवीन ब्लड टेस्ट आलीये, ब्लॉकेज व्हायच्या कितीतरी आधी कळतं. तिकडे दादाने एक व्हिडिओ बघितला, त्यात म्हणे खरा आजार मायक्रोआरएनए बिघडल्यामुळे होतो, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या वरवरच्या आहेत. आता तो म्हणतो सगळ्या गोळ्या बंद करून मायक्रोआरएनए दुरुस्त करणारी कॅप्सूल घेतो, नाहीतर ते वर्षातून दोनदा घ्यायचं आरएनएचं इंजेक्शन. वहिनी रडकुंडीला आलीये. मी टेस्ट करू का, आणि दादाला काय सांगू? – धाकटा भाऊ"

तुमच्या टेस्टचं नंतर बघू, आधी दादाला फोन लावा. हे पुढचं वाचायच्या आधी लावलात तरी चालेल. त्याला एवढंच विचारा की रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना. अटॅकनंतर स्टेंट टाकला की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीला आणखी एक गोळी देतात, साधारण वर्षभर, किती दिवस ते प्रत्येकाचं बघून डॉक्टर ठरवतात. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी, तिच्यावर आतून पेशींचा थर नीट यायला वेळ लागतो आणि तोवर रक्ताला ती जाळी परकी वाटते, तिथे गुठळी धरू शकते. गोळ्या मनाने बंद केल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिथे रस्ता मोकळा केला होता तोच अचानक पूर्ण बंद होतो, आणि असा अटॅक फार वाईट असतो, बऱ्याचदा जिवावर बेततो. तीन महिने म्हणजे काहीच नाही झाले हो. त्याला कुठल्या गोळीचा त्रास होत असेल, पोट बिघडत असेल, अंगावर निळे डाग पडत असतील, तर ते डॉक्टरांना सांगून बदलून घेता येतं, पण डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद नाही. स्टॅटिनचंही, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तेच, त्याबद्दल पुढे सांगते.

आता तो व्हिडिओ. त्यातलं सगळं खोटं असतं तर सोपं गेलं असतं, दादाला समजावता आलं असतं. पण मायक्रोआरएनए खरंच आहेत, आणि रक्तवाहिन्यांच्या आजारात त्यांचा हात आहे हेही खरं आहे. म्हणून मी हा विषय उडवून लावणार नाहीये, नीट सांगते, दादालाही वाचायला द्या.

आपल्या पेशीत जीनवरून आधी एक निरोप लिहिला जातो, त्याला मेसेंजर आरएनए म्हणतात, आणि तो वाचून प्रोटीन बनतं. शाळेत एवढंच शिकवलं होतं आपल्याला. १९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या दोन लॅब्सनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात बघितलं की एक अगदी छोटासा आरएनए आहे, ज्याचं स्वतःचं प्रोटीन बनतच नाही, तो दुसऱ्या निरोपाला जाऊन चिकटतो आणि त्यापासून बनणारं प्रोटीन कमी करतो. बरीच वर्षं लोकांना वाटलं ही त्या किड्याचीच काहीतरी गंमत असेल. मग २००० मध्ये रुवकुन यांच्या लॅबला असाच दुसरा सापडला आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाला, तिथून हे सगळं क्षेत्र उघडलं. २०२४ चं मेडिसिनचं नोबेल या दोघांना याच कामासाठी मिळालं. हे मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचे असतात, त्यातली सुरुवातीची सात-आठ अक्षरं निरोपाशी जुळली की काम होतं, आणि जुळणी एवढी छोटी असल्यामुळे एकेक मायक्रोआरएनए शेकडो निरोपांवर बसू शकतो. तो जीन बंद वगैरे करत नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं थोडं कमी थोडं जास्त करतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण "एक मायक्रोआरएनए बिघडला आणि ब्लॉकेज झालं" हे वाक्य इथेच अडखळतं. एकाने शेकडो गोष्टी थोड्या थोड्या हलतात, आणि एकेका गोष्टीवर अनेक मायक्रोआरएनए एकाच वेळी काम करत असतात.

आता रक्तवाहिनीत काय होतं ते. ब्लॉकेज म्हणजे नळीत आतून चिकटलेला थर असं बरेच लोक समजतात, तसं नाहीये, ते भिंतीच्या आत होतं. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात आणि अडकतात, आणि सगळीकडे सारखे नाही तर जिथे नळीला फाटा फुटतो किंवा वळण येतं, म्हणजे जिथे रक्ताचा प्रवाह विस्कळीत असतो, तिथे जास्त. का? तर आतल्या अस्तराच्या पेशींना प्रवाह कळतो. सरळ एकसारखा प्रवाह असला की त्या शांत राहतात, त्यांच्यात केएलएफ२ नावाचं प्रोटीन भरपूर असतं, ते सूज आटोक्यात ठेवतं. विस्कळीत प्रवाह आणि खराब झालेलं एलडीएल दोन्ही एकत्र आले की या पेशींमध्ये मिर-९२ए नावाचा मायक्रोआरएनए वाढतो आणि तो नेमका केएलएफ२ ला खाली आणतो. उंदरांमध्ये हा मिर-९२ए अडवला तर प्लाक, म्हणजे भिंतीत साठलेला थर, कमी झाला, २०१४ मध्ये हे दाखवलंय. दुसरा एक मिर-१२६, हा अस्तराच्या पेशींमध्ये खूप असतो आणि चांगल्या बाजूचा म्हणायला हरकत नाही, पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटायला जे प्रोटीन लागतं ते तो कमी ठेवतो. तो कमी पडला की पांढऱ्या पेशी चिकटतात, आत घुसतात, अडकलेलं कोलेस्टेरॉल गिळतात आणि फुगून तिथेच बसतात. भिंतीतल्या स्नायूपेशींचंही असंच आहे, मिर-१४३ आणि मिर-१४५ ही जोडी त्यांना त्यांच्या नेहमीच्या आकुंचन पावायच्या कामात ठेवते, इजा झालेल्या वाहिनीत ही जोडी कमी होते आणि मग त्या पेशी आपलं काम सोडून वाढायला आणि सरकायला लागतात. आणि मला यात सगळ्यात आवडलेलं म्हणजे अस्तराच्या पेशी हीच जोडी छोट्या छोट्या पिशव्यांत भरून शेजारच्या स्नायूपेशींना पाठवतात असंही दिसलंय, म्हणजे भिंतीतल्या भिंतीत बोलणं चाललेलं असतं.

पण दादाला सांगायचं असेल तर मिर-३३ ची गोष्ट सांगा, कारण व्हिडिओतल्या दाव्याचं उत्तर त्यात आहे. २०१० मध्ये एकाच सुमाराला बऱ्याच लॅब्सना दिसलं की पेशीत कोलेस्टेरॉल वाढवणारा जो मुख्य जीन आहे त्याच्याच पोटात मिर-३३ लपलेला आहे, आणि तो कोलेस्टेरॉल पेशीबाहेर टाकणारा पंप दाबून ठेवतो. म्हणजे मिर-३३ अडवला तर फुगलेल्या पांढऱ्या पेशी कोलेस्टेरॉल बाहेर टाकतील, चांगलं कोलेस्टेरॉल वाढेल, प्लाक उतरेल. २०११ मध्ये उंदरांमध्ये प्लाक खरंच उतरला, माकडांमध्ये एचडीएल, म्हणजे ते चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं, सगळीकडे आनंद. मग पुढचे प्रयोग आले. एका लॅबला तशाच उंदरांमध्ये प्लाकवर फरकच दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगात जास्त चरबीच्या आहारावर असलेल्या उंदरांना बरेच आठवडे औषध दिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठली आणि रक्तातले ट्रायग्लिसराईड्स वाढले. त्यात माणसाकडे मिर-३३ चा आणखी एक भाऊ आहे जो उंदराकडे नाहीच, त्यामुळे उंदरावरून माणसाचं सांगणं आणखी अवघड. आणि मधल्या काळात नुसतं एचडीएल वाढवणारी दुसरी औषधं माणसांवरच्या मोठ्या ट्रायल्समध्ये अटॅक कमी करू शकली नाहीत. यात कोणी फसवलं नाही, संशोधन असंच चालतं, एक दार उघडतं आणि आत आणखी चार दारं निघतात. पण २०११ ला थांबून कोणी कॅप्सूल विकायला लागला तर तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

आणि मूळ मुद्दा, आधी कोण? व्हिडिओ म्हणतो मायक्रोआरएनए बिघडतो मग कोलेस्टेरॉल वगैरे. वर बघितलंत ना मिर-९२ए कशाने वाढतो, विस्कळीत प्रवाह आणि खराब एलडीएलनेच. म्हणजे मायक्रोआरएनए हा एलडीएलच्या जागी बसणारा दुसरा आरोपी नाहीये, एलडीएल जे नुकसान करतं ते घडायच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. ज्या घरांमध्ये रक्तातलं एलडीएल उचलणारा रिसेप्टर जन्मतःच अर्धवट असतो त्यांना एलडीएल लहानपणापासून खूप जास्त असतं आणि पस्तिशी-चाळिशीत अटॅक येतात, तिथे एवढं एकच कारण पुरतं. आणि स्टॅटिनने एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने खाली आणलं की अटॅक, स्ट्रोक असे मोठे प्रसंग पाचातला एक टळतो, हे लाखाच्या वर लोकांच्या ट्रायल्स एकत्र करून काढलेलं आहे. मायक्रोआरएनएच्या कुठल्याही उपचाराकडे हार्ट अटॅक टाळल्याचा असा एकही पुरावा नाहीये. त्यामुळे स्टॅटिन वरवरचं नाही, ते मुळाशीच काम करतं.

आता तुमची टेस्ट. कल्पना चांगली आहे, म्हणूनच जगभर तिच्यावर काम चालू आहे. मायक्रोआरएनए पेशीतून रक्तात येतात, आणि एवढे नाजूक असूनही टिकतात, कारण ते प्रोटीनला धरून किंवा पिशव्यांत बंद असतात. अटॅक आला की हार्टच्या स्नायूतले मिर-२०८, मिर-४९९ वगैरे रक्तात वाढतात हेही पक्कं आहे. पण अटॅक आलाय का हे ट्रोपोनिनची रक्ततपासणी आधीच सांगते, झटपट आणि भरवशाने, त्यामुळे तिथे याची गरज पडलेली नाही. तुम्हाला हवंय ते वेगळं, अटॅक पुढे येईल का. आणि इथे वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे मायक्रोआरएनए पुढे येतात, एकात वाढलेला तो दुसऱ्यात कमी झालेला. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. रक्तातल्या मिर-१२६, मिर-२२३ अशांचा बराच भाग प्लेटलेट्समधून येतो, म्हणून अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी चालू असली की आकडा खाली जातो, आजार बरा झाला म्हणून नाही तर गोळीने प्लेटलेट शांत झाल्या म्हणून. उद्या दादाने ही टेस्ट केली तर त्याच्या गोळ्याच रिपोर्टमध्ये दिसतील. अँजिओग्राफीच्या वेळी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात, ते नमुन्यात असलं तर मोजायची पद्धतच गंडते. रक्त काढताना तांबड्या पेशी थोड्या फुटल्या तरी त्यांच्यातले मायक्रोआरएनए बाहेर येऊन आकडे फिरतात. नमुना किती वेळ बाहेर राहिला, किती जोरात फिरवला, कशाच्या तुलनेत मोजलं, या सगळ्यावर उत्तर बदलतं. साखर किंवा एलडीएल आपण दोन लॅबमध्ये करून ताडून बघतो, तसं यात सर्वमान्य नॉर्मल रेंज नावाचं काही अजून ठरलेलंच नाही. हार्टचा धोका ठरवायच्या मोठ्या गाईडलाईन्समध्ये ही टेस्ट करा असं म्हणूनच कुठे सांगितलेलं नाही.

आणि समजा केलीत. रिपोर्ट "हाय रिस्क" आला तर तुम्ही काय करणार, एलडीएल कमी करणार, बीपी बघणार, सिगारेट असेल तर सोडणार. "लो रिस्क" आला तर? मला याचीच जास्त भीती वाटते, की तुम्ही निवांत होऊन काहीच करणार नाही. वडील ५३ आणि भाऊ ४७, दोघेही ५५ च्या आत. सख्ख्या पुरुष नातेवाईकांत ५५ च्या आत आणि बायकांमध्ये ६५ च्या आत हार्टचा आजार झालेला असेल तर तुमचा धोका वाढलेला धरतात. ही माहिती तुमच्याकडे फुकट आहे आणि त्या टेस्टपेक्षा जास्त खरी आहे. नका करू टेस्ट.

करायचं ते वेगळं आहे. तुमचं कोलेस्टेरॉल "रेंजमध्ये" आहे असं लिहिलंय, पण किती ते नाही लिहिलं. लॅबच्या कागदावरची रेंज सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, तुमच्या घरात जे झालंय ते तिला माहीत नसतं. रिपोर्ट काढून एलडीएलचा नेमका आकडा बघा. १९० किंवा वर असेल तर घराण्यात रिसेप्टरचा दोष आहे का ते बघावं लागेल, मग तुमच्या मुलांचंही तपासावं लागेल. लायपोप्रोटीन-ए (हा एलडीएलसारखाच एक कण) नावाची टेस्ट एकदा करून घ्या, आयुष्यात एकदा पुरते कारण ती पातळी बहुतेक जन्मावरच ठरलेली असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती येतच नाही. ज्या घरात कोलेस्टेरॉल ठीक असूनही तरुणपणी अटॅक येतात तिथे हे बघायलाच हवं, दादाचीही करा. अपोबी मिळत असेल तर तेही, त्यातून धमनीत शिरणाऱ्या कणांची संख्या कळते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट, आणि बीपी आहेच. ईसीजी नॉर्मल आला म्हणून हुरळून जाऊ नका, आडवं पडून काढलेला ईसीजी प्लाक दाखवत नाही, आणि पुष्कळ अटॅक अशा प्लाकमुळे येतात ज्याने नळी फारशी अरुंद झालेलीच नव्हती, तो फुटतो आणि वर गुठळी धरते. डॉक्टर ठरवू शकले नाहीत की तुम्हाला गोळी सुरू करावी का नाही, तर कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे हार्टच्या नळ्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन हा एक पर्याय असतो, चाळिशीत कॅल्शियम दिसलं तर निर्णय सोपा होतो. शून्य आला तर चांगलंच, फक्त त्यात मऊ प्लाक दिसत नाही हे लक्षात असू द्या.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. हार्टसाठी मायक्रोआरएनएवरचं एकही मान्यताप्राप्त औषध आज नाही. आरएनए गिळला तर पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात. २०१२ मध्ये एका संशोधन गटाने म्हटलं होतं की खाल्लेल्या वनस्पतीतला मायक्रोआरएनए रक्तात पोचून काम करतो, बरीच चर्चा झाली, नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा तसं दिसलं नाही. जी खरी औषधं बनतायत ती इंजेक्शनची आहेत, लॅबमध्ये बनवलेले छोटे तुकडे, नेमक्या एका मायक्रोआरएनएला अडवणारे. मिर-१२२ अडवणारं औषध हेपॅटायटिस सी च्या पेशंट्सवर वापरून बघितलं होतं, मिर-१३२ अडवणारं हार्ट फेल्युअरच्या पेशंट्सवर, त्याचा पहिला छोटा अभ्यास २०२० मध्ये आला. मला यातून पुढे काहीतरी चांगलं निघेल अशी मनापासून आशा आहे. पण ते आज दादाच्या हातात नाहीये, आणि बाटलीत तर नाहीच नाही.

आणि ते वर्षातून दोनदाचं इंजेक्शन, त्याचं नाव इन्क्लिसिरान, हे खरं औषध आहे, युरोपात २०२० च्या शेवटी आणि अमेरिकेत २०२१ च्या शेवटी मान्यता मिळाली. पण ते मायक्रोआरएनए नाही. त्याला सायआरएनए म्हणतात, पेशीतली जी यंत्रणा मायक्रोआरएनए वापरतात तीच हेही वापरतं म्हणून लोकांचा घोटाळा होतो. फरक असा की मायक्रोआरएनए शेकडो निरोपांना थोडं थोडं दाबतो, हे लिव्हरमध्ये जाऊन पीसीएसके९ या एकाच प्रोटीनचा निरोप तोडतं, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त उचलतं आणि ते साधारण निम्म्यावर येतं. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. म्हणजे बघा, व्हिडिओने ज्या कोलेस्टेरॉलला वरवरचं म्हटलं, हे आरएनएचं इंजेक्शनसुद्धा तेच कमी करतं! आणि ते बहुतेकदा स्टॅटिनच्या जोडीला देतात, स्टॅटिन पुरेसं पडत नसेल किंवा सोसत नसेल तेव्हा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांशी त्याचा काही संबंध नाही, ते घेतलं तरी त्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.

दादाशी बोलताना वाद घालत बसू नका, त्याला आधी विचारा की गोळ्या का नकोशा झाल्यात. अटॅकनंतर माणूस आतून घाबरलेला असतो, सत्तेचाळिसाव्या वर्षी रोज मूठभर गोळ्या म्हणजे आपण म्हातारे झालो असं वाटतं, आणि तेव्हा कोणी सांगितलं की खरं कारण वेगळंच आहे तर ते गोड वाटतं. कधी खरंच पाय दुखत असतात स्टॅटिनने आणि तो बोलत नसतो. तसं असेल तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडता येते. वहिनीलाही सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि इंजेक्शनचं त्यांनाच विचारा, विचारायला काही हरकत नाही. फक्त जाण्याआधी एक बघा, अटॅकनंतर दादाचा एलडीएल परत मोजलाय का? औषध सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत तो मोजायचा असतो आणि त्याचे तीन महिने झाले. त्याच्यासारख्यांसाठी युरोपियन गाईडलाईन्समध्ये टार्गेट ५५ च्या खाली आणि मूळ आकड्याच्या निम्म्याच्या आत असं आहे. मोजला नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या, गोळी आहे तीच ठेवायची, वाढवायची, दुसरी जोडायची की इंजेक्शन घ्यायचं हे त्या आकड्यावरून डॉक्टरांना ठरवता येईल.